छातीला कान देणारा डॉक्टर : रने लाएनेक

आपल्या मच्छे गावात किंवा शेजारच्या पिरनवाडी-देसूर भागात कुणाला ताप-खोकला झाला आणि तो डॉक्टरांकडे जाऊन आला, की घरातील वडीलधारी माणसे पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात. डॉक्टरांनी नळी लावून बघितले की नाही? औषध कोणते दिले, पथ्य काय सांगितले, हे सारे नंतर. नळी लावली म्हटले की आजीचा जीव भांड्यात पडतो. नळी न लावताच चिठ्ठी लिहून दिली असे कळले, तर डॉक्टरांच्या पाटीवर कितीही पदव्या असोत, त्यांनी रोगी बघितलाच नाही, असा निकाल घरात लागतो.

त्याच घरातला कॉलेजात शिकणारा नातू मात्र आजीला हसतो. आता एक्स-रे आहे, ईसीजी आहे, सोनोग्राफी आहे, हृदयाची हालचाल पडद्यावर दाखवणारी इको तपासणी आहे. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या या नळीचे काम काय उरले? डॉक्टरांच्या गळ्यात ती आहे खरी, पण ती वकिलाच्या काळ्या कोटासारखी नुसती ओळखीची खूण झाली आहे, असे त्याचे म्हणणे.

आजी बरोबर की नातू बरोबर, याचा निवाडा करण्यापूर्वी ज्याने ही नळी जगाला दिली त्या माणसाचे चरित्र एकदा नजरेखालून घालावे, असे मला वाटते. कारण हा प्रश्न आजचा नाही. स्टेथोस्कोप जन्माला आला आणि त्यानंतर पाच वर्षांच्या आतच डॉक्टर तो वापरतील की नाही याची शंका जाणत्या लोकांनी घेतली होती. त्या शंकेला उत्तर देण्यात ज्याचे आयुष्य सरले, त्याचे नाव रने तेओफिल इयासेंत लाएनेक.

लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील केंपेर या गावी झाला. ब्रिटनी हा समुद्रकाठचा, खडकाळ आणि गरीब मुलूख. तेथील खेड्यापाड्यांतील माणसांची भाषा फ्रेंच नव्हे, ब्रेटन. वडील वकील होते, पण संसारापेक्षा कविता करण्यात त्यांचे मन अधिक रमे आणि पैशाच्या बाबतीत त्यांचा हात नेहमीच सैल असे. रने पाच वर्षांचा असताना आई वारली. वडिलांना मुले सांभाळणे झेपेना. शेवटी १७८८ मध्ये रनेला नांत या शहरी त्याच्या काकांकडे पाठवण्यात आले. काका गिय्योम लाएनेक हे नामांकित डॉक्टर होते. पोरक्या पुतण्याला घर मिळाले आणि आयुष्याची दिशाही तेथेच मिळाली.

पण तो काळ कसा होता? पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. क्रांतीच्या ऐन धुमाळीत नांत शहराने फार रक्तपात पाहिला. काकांचे घर ज्या चौकात होते त्याच चौकात गिलोटिन उभे केले होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने खिडकीतून काय काय पाहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एकीकडे माणसे मारण्याचे यंत्र अखंड चालू आणि दुसरीकडे काका रुग्णालयात माणसे वाचवण्याच्या खटपटीत, अशा दोन दृश्यांच्या मध्ये रने वाढला. चौदाव्या वर्षी तो काकांच्या हाताखाली वैद्यक शिकू लागला. जखमी सैनिकांची मलमपट्टी करणारा शिकाऊ शल्यवैद्य म्हणून त्याने रुग्णालयात कामही केले. मधूनच त्याला ग्रीक भाषेचा नाद लागे, तर कधी बासरीचा. बासरी मात्र त्याने पुढे आयुष्यभर सोडली नाही. बारीक आवाज ओळखणारा कान त्याला बासरीने दिला असे कुणी म्हटले, तर ते अगदीच वावगे होणार नाही.

१८०१ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी लाएनेक पॅरिसला आले. हातात पैसा नाही, प्रकृती तोळामासा, आणि धाप लागण्याचा जुना त्रास. शारिते या रुग्णालयात कोर्व्हिसार नावाचे थोर अध्यापक शिकवीत होते. हेच पुढे नेपोलियनचे वैद्य झाले. रोग्याच्या छातीवर बोटाने ठोकून आवाजावरून आतली स्थिती ओळखण्याची विद्या कोर्व्हिसार यांनी पुन्हा प्रचारात आणली. पुन्हा असे म्हणण्याचे कारण असे, की ही युक्ती आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्येच पुस्तक लिहून सांगितली होती. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंपात दारू कुठवर आहे हे बाहेरून ठोकून पाहण्याची तेथील रीत त्याला ठाऊक होती, असे सांगतात. आपल्याकडे बाजारात कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. पण डॉक्टरमंडळींनी ते पुस्तक जवळजवळ पन्नास वर्षे बासनात ठेवले. कोर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. नव्या साधनाचे स्वागत वैद्यक कसे करते, याचा हा धडा लाएनेक यांना आपल्या गुरूकडूनच मिळाला.

विद्यार्थी म्हणून लाएनेक चमकले. १८०३ मध्ये वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांची पहिली पारितोषिके त्यांनी मिळवली. १८०४ मध्ये ते डॉक्टर झाले. पण बक्षिसे मिळाली म्हणून नोकरी मिळत नाही, हे त्या काळीही खरे होते. रुग्णालयातील मानाच्या जागा ओळखीपाळखीच्या लोकांकडे गेल्या. लाएनेक खाजगी व्यवसाय करीत राहिले, एका वैद्यकीय नियतकालिकाचे संपादन करीत राहिले आणि शवविच्छेदनाच्या खोलीत तासन्‌ तास घालवीत राहिले. याच खोलीत एकदा क्षयाने किडलेला मणका कापताना करवतीने त्यांच्या बोटाला जखम झाली आणि तेथे एक गाठ उठली. ती पुढे बरी झाली. त्या काळी क्षय कशाने होतो हेच कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे तिची फारशी चिंता कुणी केली नाही.

त्यांच्या आयुष्यातील १८१४ सालची एक हकीकत आपल्या या सीमाभागातील वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. नेपोलियनच्या शेवटच्या लढायांत सक्तीने भरती केलेली ब्रिटनीची खेडवळ पोरे जखमी होऊन, तापाने फणफणून पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडली होती. त्यांना फ्रेंच येत नव्हते आणि डॉक्टरांना ब्रेटन येत नव्हते. कुठे दुखते हे सांगता येत नाही आणि काय झाले आहे हे कळत नाही, अशा अवस्थेत ती घराच्या आठवणीने झुरत होती. लाएनेक यांनी खटपट करून साल्पेत्रिएर रुग्णालयात या पोरांची एकत्र सोय करून घेतली आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून उपचार केले. बेळगावच्या दवाखान्यात एकाच सकाळी एका रोग्याशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात आणि तिसऱ्याशी उर्दूत बोलणारे डॉक्टर आपण पाहतो, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. छातीचे ऐकण्याची युक्ती सापडण्यापूर्वी दोन वर्षे लाएनेक माणसाचे ऐकायला शिकले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८१६ मध्ये अखेर त्यांना नेकेर या रुग्णालयात नेमणूक मिळाली. त्यांचा जिवलग मित्र डॉ. बेल याच वर्षी क्षयाने वारला होता. बेल यांनी शेकडो क्षयरोग्यांची शवविच्छेदने करून या रोगावर ग्रंथ लिहिला होता. क्षय हा त्या काळी पॅरिसचा काळ होता. तो अंगात शिरल्याचे जिवंतपणी नक्की सांगता येत नसे, आणि मेल्यावर छाती उघडली की फुफ्फुसात पोकळ्या पडलेल्या दिसत. डॉक्टरजवळ जिवंत रोग्यासाठी साधने ती किती? नाडी, जीभ, थुंकी, रोग्याची तक्रार, आणि फार तर छातीवर बोटाने ठोकणे. कान छातीला लावून ऐकण्याची रीत ग्रीक वैद्यांपासून माहीत होती, पण ती क्वचितच वापरली जाई. रोगी अस्वच्छ असत, अंगावर उवा असत, आणि स्त्रियांच्या बाबतीत संकोच आड येई.

त्या वर्षी एक तरुण स्त्री लाएनेक यांच्याकडे आली. लक्षणे हृदयविकाराची होती. बांधा स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना, आणि वय व स्त्रीजात पाहता छातीला कान लावणे प्रशस्त नव्हते. तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागदांची एक चळत घेतली, तिची घट्ट गुंडाळी केली, एक टोक रोग्याच्या छातीवर टेकवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू येतात त्याहूनही स्वच्छ ऐकू आले. संकोचातून मार्ग काढताना विज्ञानाला एक नवे दार सापडले.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण कागदाची गुंडाळी ही एका क्षणाची कल्पना होती. लाएनेक यांचे मोठेपण त्यापुढच्या तीन वर्षांत आहे. त्यांनी काच, धातू, लाकूड, वेत असे निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले आणि हलके लाकूड सर्वांत चांगले असे ठरवले. स्वतः चरकावर लाकूड कातून त्यांनी नळ्या तयार केल्या. नळी सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि साडेतीन सेंटीमीटर जाड असे. मधोमध भोक, आणि नेण्याआणण्यास सोपी जावी म्हणून ती दोन तुकड्यांत सुटणारी. प्रथम ते तिला नुसते सिलिंडर म्हणत. पुढे छाती आणि पाहणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून स्टेथोस्कोप हे नाव त्यांनी बनवले. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे नाव मिळाले हे थोडे गमतीचे वाटेल. पण त्यांना कानाने आतले पाहायचेच होते.

ते कसे पाहिले? प्रत्येक रोग्याची छाती रोज ऐकायची आणि काय ऐकले ते जागच्या जागी टिपून ठेवायचे. रोगी बरा झाला तर आवाज कसा बदलत गेला ते लिहायचे. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून, जेथे जो आवाज ऐकला होता तेथे आत काय आहे ते डोळ्यांनी पाहायचे. आपला अंदाज चुकला असेल तर तोही लिहायचा. या पद्धतीने त्यांनी आवाजांचा जणू एक शब्दकोशच तयार केला. न्यूमोनियाच्या सुरुवातीला श्वासाबरोबर जो बारीक आवाज येतो, त्याला त्यांनी तापल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची उपमा दिली. श्वासनळ्या आकसल्या की होणारा आवाज त्यांना पारव्याच्या घुमण्यासारखा वाटला. फुफ्फुसाभोवती पाणी साचले असता रोगी बोलला, तर नळीतून त्याचा आवाज शेळीच्या बेंबाटण्यासारखा कापरा येतो, हे त्यांनी दाखवले. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडली असेल, तर तेथे नळी ठेवताच रोग्याचे शब्द थेट छातीतूनच येत आहेत असा भास होतो, हेही त्यांनीच सांगितले. पाहा, या साऱ्या उपमा स्वयंपाकघरातल्या, गोठ्यातल्या, अंगणातल्या आहेत. खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही त्या एकदा सांगितल्या की विसरत नाहीत.

या आवाजांना त्यांनी फ्रेंचमध्ये राल हे नाव दिले. पण सामान्य फ्रेंच माणूस हा शब्द मरणाऱ्याच्या घशातील घरघरीला वापरीत असे. तो कानी पडताच खाटेवरचा रोगी घाबरून जाई. म्हणून रोग्यासमोर विद्यार्थ्यांशी बोलताना लाएनेक त्याऐवजी एक लॅटिन शब्द वापरू लागले. गोष्ट लहान आहे. पण खाटेवर पडलेला माणूस आपले बोलणे ऐकतो आहे याचे भान किती डॉक्टरांना असते?

फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांनी आपले संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. १८१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ घेणाऱ्याला थोडे जास्त पैसे देऊन लाकडी स्टेथोस्कोपही मिळे. पुस्तकासोबत साधन विकण्याची ही तऱ्हा त्या काळी नवलाचीच होती.

आता विरोधाकडे वळू. जॉन फोर्ब्स या स्कॉटिश डॉक्टरने १८२१ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. साधन उत्तम आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तरीही ते सर्रास वापरात येईल असे काही त्यांना वाटेना. त्याला वेळ फार लागतो, शिकण्यास कष्ट पडतात, आणि गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर लांब नळीतून रोग्याची छाती ऐकत बसला आहे हे दृश्य जरासे हास्यास्पद दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी, की पुढे इंग्लंडात स्टेथोस्कोपचा प्रसार करण्यात याच फोर्ब्स यांचा मोठा वाटा होता. पॅरिसमध्ये मात्र ब्रूसे नावाचे वजनदार डॉक्टर उघड विरोधात उभे राहिले. बहुतेक सर्व रोगांचे मूळ पोटाच्या दाहात आहे आणि जळवा लावून रक्त काढणे हा त्यावर इलाज, असा त्यांचा सिद्धांत. ज्याला सर्व रोगांवर एकच उत्तर सापडले आहे, त्याला छाती ऐकण्याची गरजच काय? लाएनेक यांनी या वादात आपले टिपण आणि आपले शवविच्छेदन यांखेरीज दुसरे शस्त्र फारसे वापरले नाही.

त्यांचेही काही चुकले. हृदयाच्या दोन ठोक्यांपैकी दुसरा ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनामुळे होतो, असे त्यांनी मानले. तो झडपा मिटण्याचा आवाज आहे हे पुढच्यांनी सिद्ध केले. क्षय हा संसर्गाने पसरतो हेही त्यांना मनापासून पटले नव्हते. पण विशेष असे की त्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्यांनी त्या त्यांचीच नळी लावून आणि त्यांचीच पद्धत वापरून दुरुस्त केल्या.

ग्रंथ पुरा होईपर्यंत प्रकृती ढासळली. १८१९ च्या शरद ऋतूत लाएनेक पॅरिस सोडून ब्रिटनीत परतले आणि केर्लुआर्नेक या वाडवडिलांच्या वाडीवर शेती पाहत, घोड्यावर फिरत दोन वर्षे राहिले. समुद्राच्या वाऱ्याने त्यांना बरे वाटू लागले. शहाण्या माणसाने तेथेच राहावे. पण १८२१ मध्ये ते पुन्हा पॅरिसला गेले. मग मानसन्मान चालून आले. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मिळाले. पुढच्या वर्षी ज्या शारिते रुग्णालयात ते शिकले, तेथेच ते शिकवू लागले. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्यामागून खाटेखाटेने फिरत आणि प्रत्येकजण नळी लावून स्वतः ऐकत असे. १८२४ च्या अखेरीस, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपले घर सांभाळणाऱ्या एका विधवा बाईंशी विवाह केला.

ग्रंथाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती १८२६ मध्ये निघाली. तिच्यासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला, आणि ताप, खोकला, धाप सुरू झाली. त्यांच्याच घराण्यातील तरुण डॉक्टर मेरियादेक त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. लाएनेक यांनी त्याला आपली छाती ऐकायला सांगितली. मेरियादेकने गुरूचीच नळी गुरूच्या छातीवर ठेवली. काय ऐकू येते ते त्याने सांगितले, आणि त्याचा अर्थ काय हे सांगण्याची गरज उरली नाही. जे आवाज लाएनेक यांनी शेकडो छातींत ऐकून जगाला समजावून सांगितले होते, तेच क्षयाचे आवाज त्यांच्या छातीत होते. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिस सोडले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केर्लुआर्नेक येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. मृत्युपत्रात त्यांनी आपली कागदपत्रे, घड्याळ आणि अंगठी यांबरोबर आपला स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे ठेवला, आणि हा वारशातील सर्वांत मोलाचा भाग आहे असे सांगून ठेवले.

त्यांच्या मागे नळी बदलत गेली. १८५० नंतर लवकरच दोन्ही कानांना लावायचा स्टेथोस्कोप आला. लाकूड जाऊन रबर आले. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून नळीने रक्तदाब मोजण्याची रीत शोधली आणि नळीला एक नवेच काम मिळाले. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधले, रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, आणि १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. म्हणजे लाएनेक यांनी क्षय ओळखायला शिकवल्यानंतर त्यावर औषध सापडायला सव्वाशे वर्षे लागली. या सव्वाशे वर्षांत किती माणसे गेली! आपल्या आनंदीबाई जोशी त्यांपैकीच. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. येथून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, आज ज्याला आपण सी.पी.आर. म्हणतो तेथे, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या बावीस वर्षांच्या आत क्षयाने त्यांचा बळी घेतला. कोल्हापूरच्या स्त्रियांची छाती ऐकायला त्या कधी पोचल्याच नाहीत.

आता पुन्हा आजी आणि नातू यांच्या वादाकडे येऊ. आज डॉक्टर स्टेथोस्कोप बाळगतात का? बाळगतात. वापरतात का? रक्तदाब पाहायला, दम्याची शिटी ऐकायला, न्यूमोनियाचा संशय घ्यायला, बालकाच्या हृदयात काही वेगळा आवाज आहे का हे पाहायला वापरतात. पण नातवाच्या बोलण्यातही तथ्य आहे. केवळ नळीवरून क्षयाचे निदान आज कुणी करू नये. त्यासाठी थुंकीची तपासणी हवी, एक्स-रे हवा. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर थुंकीतील क्षयजंतूंचा पत्ता दीड-दोन तासांत लागतो. हृदयाची झडप किती खराब झाली आहे हे इको तपासणी जितके नेमके दाखवते, तितके कान कधीही सांगू शकणार नाही. २०२० च्या कोरोनाच्या साथीत तर अंगभर संरक्षक पोशाख घातलेल्या डॉक्टरांना नळी कानाला लावणेही कठीण झाले होते. नळी एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जंतू नेऊ शकते, म्हणून ती स्पिरिटने पुसलीच पाहिजे, हेही आता सर्वांना कळले आहे.

तरीही यंत्राकडे कुणाला पाठवायचे हे ठरवायचे कुणी? खोकणारा प्रत्येक माणूस काही इकोच्या खोलीत जाऊ शकत नाही. निपाणीत तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणारी बाई, बेळगावच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांपाशी राबणारा कामगार, या माणसांच्या छातीला रोजच धोका आहे, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून शहरात तपासणीला जाणे त्यांना परवडत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आपल्या देशात आहेत. खिशात मावणारी सोनोग्राफी यंत्रे निघाली आहेत हे खरे. पण गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्राच्या नोंदणीचे बंधन घातले आहे. मुलींचे जीव वाचवण्यासाठी ते आवश्यकही आहे. त्यामुळे आपल्या देशात असे यंत्र खिशात घालून गावोगाव हिंडणे डॉक्टरांना शक्य नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, जत्रेतल्या तात्पुरत्या दवाखान्यात, वीज गेलेल्या रात्री, चालते ती नळीच.

पण चालते म्हणजे काय, हे लाएनेक यांच्या चरित्रावरून ठरवले पाहिजे. शर्टावरून एकदा इकडे, एकदा तिकडे टेकवून, तोंडाने पुढच्या रोग्याला हाक मारीत लावलेली नळी ही त्यांची नळी नव्हे. ती आजीचे समाधान करील, निदान करणार नाही. त्यांची नळी म्हणजे शांतपणे ऐकणे, ऐकलेले लिहून ठेवणे, आणि खरे काय निघाले ते नंतर पडताळून पाहणे. त्यांच्याजवळ पडताळण्यासाठी फक्त शवविच्छेदन होते, रोगी गेल्यावरच उत्तर मिळे. आजच्या डॉक्टरला एक्स-रे आणि इको यांमुळे तेच उत्तर रोगी जिवंत असताना मिळते. मग यंत्रे आली म्हणून कान मंद व्हावा, की अधिक तयार व्हावा? जो डॉक्टर आधी ऐकून आपला अंदाज मनाशी ठरवतो आणि मग चित्र पाहतो, त्याला प्रत्येक यंत्र शिकवते. जो आधीच यंत्राकडे बोट दाखवतो, तो दहा वर्षांनंतरही जेथल्या तेथेच राहतो.

आपल्या वाचकांतील काही विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे उद्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात किंवा बिम्समध्ये जातील. तेथे गेल्यावर नवा कोरा स्टेथोस्कोप विकत घेऊन, तो गळ्यात घालून काढलेला फोटो ती घरी पाठवतील, आणि घरच्यांनाही तो पाहून अभिमान वाटेल. त्या फोटोबरोबर त्यांना कागदाच्या गुंडाळीची आणि ब्रेटन बोलणाऱ्या पोरांची गोष्टही कुणीतरी सांगावी. आजीने तर आपला प्रश्न विचारीतच राहावे. डॉक्टरांनी नळी लावली का, असे ती विचारते तेव्हा आपल्या माणसाचे त्यांनी नीट ऐकून घेतले का, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते.